पीएस२ घ्यायचाय, पण नेमका कुठला? चार मॉडेलं वापरून झाल्यावरचं मत

खाली मी तीस हजारी, पन्नास हजारी, सत्तर हजारी असं सारखं लिहिणारे, ते आकडे किमतीचे नाहीत हे आधीच सांगतो. प्लेस्टेशन २ ला, म्हणजे सोनीच्या टीव्हीला जोडून खेळायच्या त्या जुन्या गेम कन्सोलला (पीएस२), एक स्टिकर असतो, त्यावर एससीपीएच आणि पुढे पाच आकडी नंबर, तोच मॉडेल नंबर. सुरुवातीचे दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचा आकडा कुठल्या भागासाठी बनवलाय ते सांगतो, ० म्हणजे जपान, १ म्हणजे अमेरिका, ३ ब्रिटन, ४ बाकी युरोप. म्हणजे ५०००१ हा अमेरिकेचा पन्नास हजारी आणि ७०००४ हा युरोपचा सत्तर हजारी. एवढं वाचता आलं तरी जुना पीएस२ विकणाऱ्याच्या निम्म्या थापा आपोआप गळून पडतात, कारण विकणारा "फॅट आहे" (आधीचा जाड) नाहीतर "स्लिम आहे" (नंतरचा बारीक) एवढंच सांगतो आणि फोटो काढताना स्टिकरची बाजू नेमकी टाळतो.

माझ्याकडे आत्तापर्यंत चार आले, आधी तीस हजारी, मग नव्वद हजारी, मग फसवणुकीने सत्तर हजारी (ती गोष्ट येतेय खाली) आणि शेवटी पन्नास हजारी. आज टीव्हीला दोनच जोडलेले आहेत. कुठले दोन ते वाचता वाचता कळेलच, पण त्यातला एक बघून जाणकार लोक मला वेड्यात काढतात.

आधी जे सारखं आहे ते सांगून मोकळा होतो, कारण लोक भलत्याच गोष्टीवरून वाद घालतात. २००० च्या मार्चमध्ये जपानात आलेल्या पहिल्या मॉडेलपासून २०१३ च्या जानेवारीत उत्पादन बंद झाल्याची बातमी आली तोपर्यंत, आतला मुख्य प्रोसेसर त्याच ३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, रॅम ३२ एमबी, व्हिडिओ मेमरी ४ एमबी, यात काही बदल नाही. म्हणजे नवीन मॉडेलवर गेम जास्त स्मूथ चालतो वगैरे जे कोणी सांगतं ते सोडून द्या. चित्र पण तेच. पिवळी वायर लावली तर सगळ्याच मॉडेलवर चित्र धुरकट आणि कंपोनंटची लाल-हिरवी-निळी वायर लावली तर सगळ्यांवर बघण्यासारखं, त्यामुळे चित्र वाईट दिसतंय म्हणून मॉडेल बदलायला निघाला असाल तर थांबा आणि आधी वायर बदला. कंट्रोलर, मेमरी कार्ड पण सगळ्यांना चालतात. एक अपवाद मल्टिटॅपचा, चार जणांनी खेळायचं असेल तर फॅटचा जुना मल्टिटॅप स्लिमला बसत नाही, नंतर निघालेला वेगळा घ्यावा लागतो.

मग फरक कशात आहे? माझ्या मते तुमचा गेम कुठून येणार, सगळा फरक तिथे आहे. डिस्कवरून, हार्डडिस्कवरून की नेटवर्कवरून. आणि पहिल्या प्लेस्टेशनचे गेम खेळणार का नाही. या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे नाहीत त्याने "कुठला घेऊ" विचारण्यात अर्थ नाही, त्याला समोरचा आपल्याकडे जो आहे तोच भारी म्हणून सांगणार.

अगदी सुरुवातीचे जपानी दहा हजारी, पंधरा हजारी आणि अठरा हजारी मी पटकन उरकतो. त्यांना मागे लॅपटॉपमध्ये असायचा तसा पीसी कार्डचा स्लॉट आहे, सर्वात पहिल्यात तर डीव्हीडी बघायचं सॉफ्टवेअर मेमरी कार्डवर दिलेलं असायचं. कपाटात ठेवून बघायला मस्त, खेळायला घेऊ नका, त्यांची हार्डडिस्कवाली जोडणी वेगळी आणि ती शोधण्यात आयुष्य जाईल.

तीस हजारी हा बहुतेकांच्या डोक्यातला "तो" पीएस२, काळा, जाड, सव्वादोन किलोच्या आसपास, निळे-हिरवे दिवे. याच पिढीपासून मागे ती मोकळी खोबण आली ज्यात नेटवर्क अडॅप्टर आणि साडेतीन इंची हार्डडिस्क बसते. पुढे आयलिंकचा पोर्ट पण आहे, त्यावरून अनेक पीएस२ एकमेकांना जोडता यायचे, ग्रॅन टुरिस्मो ३ मध्ये तर सहा जण असे जोडून रेस लावू शकायचे, पण त्यासाठी सहा कन्सोल आणि सहा टीव्ही कोण जमवणार, मी तरी त्या पोर्टमधली धूळ काढण्यापलीकडे त्याला हात लावला नाही. याचा आवाज मात्र खरंच त्रास देतो. रात्री सगळं शांत असताना पंखा असा घोंगावतो की गेममधली हळू बोललेली वाक्यं ऐकायला आवाज वाढवावा लागतो आणि मग घरातले ओरडतात. शिवाय वयामुळे डिस्क वाचणाऱ्या लेन्स थकलेल्या असतात, "डिस्क रीड एरर" हा शब्द याच पिढीमुळे सगळ्यांना पाठ झाला.

पन्नास हजारी २००३ चा. दिसायला तसाच, त्यामुळे लोक तो तीस हजारीच्याच भावात देऊन टाकतात, हे आपल्या फायद्याचं. आयलिंक काढून टाकला, रिमोटचा सेन्सर आत बसवला (आधीच्यांना कंट्रोलरच्या जागी वेगळा रिसीव्हर खोचावा लागायचा), डीव्हीडी बघताना प्रोग्रेसिव्ह (एकाआड एक ओळी न दाखवता पूर्ण) चित्र मिळायला लागलं, घरी लिहिलेल्या डीव्हीडी पण नीट वाचायला लागला आणि मुख्य म्हणजे पंखा शांत झाला. किती शांत ते सांगता येत नाही मोजून, पण तीस हजारीनंतर लावला तेव्हा मी दोनदा मागे हात धरून बघितलं की वारा येतोय ना नक्की. मागची हार्डडिस्कची खोबण आहे तशीच आहे. आणि आत पहिल्या प्लेस्टेशनचा खरा प्रोसेसर आहे, हे फार महत्त्वाचं आहे, जरा सविस्तर सांगतो.

पीएस२ मध्ये जुने प्लेस्टेशन १ चे गेम चालतात ते नुसत्या सॉफ्टवेअरच्या करामतीने नाही, सोनीने जुन्या प्लेस्टेशनचा प्रोसेसरच उचलून पीएस२ मध्ये टाकला. पीएस२ चा गेम चालू असताना तो कंट्रोलर, मेमरी कार्ड, डिस्क, यूएसबी अशी हमाली करतो आणि जुनी काळी सीडी टाकली की मालक होतो. साधी आणि हुशार कल्पना. पण २००५ मध्ये आलेल्या पंचाहत्तर हजारी स्लिमपासून हा प्रोसेसर काढून त्याच्या जागी पॉवरपीसी जातीची दुसरी चिप बसवली, जी जुन्याची नक्कल करते. नक्कल चांगली आहे, बहुतेक गेमना फरक पडत नाही, पण थोडे प्लेस्टेशन १ चे आणि थोडे पीएस२ चे गेम असे निघाले की जे या नव्या स्लिमवर अडखळतात, आणि त्यांची यादी सोनीनेच दिली होती. तुमचा आवडता गेम त्यात असेल तरच तुम्हाला कळणार, नाहीतर आयुष्यभर पत्ता लागणार नाही. माझ्यासारख्या माणसाला मात्र "आत खरा आहे" हे माहीत असण्याचंच समाधान जास्त, ते मी कबूल करतो.

आता स्लिम. पहिला स्लिम, सत्तर हजारी, २००४ च्या शेवटी आला आणि तेव्हा तो हातात घेऊन लोकांचा विश्वास बसत नव्हता, जेमतेम २.८ सेंटीमीटर जाडी, वजन ९०० ग्रॅम. नेटवर्कचा पोर्ट आतच दिला. पण हार्डडिस्कची खोबण उडवली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत फायनल फँटसी ११ हा गेम हार्डडिस्कसोबत विकायला आणला होता, जो हार्डडिस्कशिवाय चालतच नाही. ज्यांनी फॅट विकून हौसेने स्लिम घेतला असेल त्यांचं काय झालं असेल याचा विचार करून मला अजून हसू येतं, वाईट आहे हे, पण येतं.

सत्तर हजारीची खरी बदनामी मात्र लेन्सवरून आहे. या मॉडेलमध्ये लेन्स वरखाली-पुढेमागे हलवणाऱ्या बारीक कॉइलला कधीकधी भलताच करंट जातो आणि कॉइल जळते, लेन्स कायमची मेली. नवीन लेन्स टाकली आणि मूळ बिघाड तसाच असला तर ती पण जळते, म्हणून अनुभवी लोक आधी त्या लाइनवर संरक्षणाचे छोटे पार्ट सोल्डर करतात, त्याला रोमिओ मॉड म्हणतात. सोल्डरिंग येत नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

माझ्याकडे तो आला कसा, तर एका विकणाऱ्याने नव्वद हजारी म्हणून दाखवला, फोटो समोरून आणि वरून, आणि "कधीकधी डिस्क वाचत नाही, साफ केली की होतं" असं सांगितलं. मी पण बावळट, कारण तोपर्यंत हे सगळं मला माहीत असूनसुद्धा स्टिकरचा फोटो मागितला नाही. घरी आल्यावर उलटा केला तर सत्तर हजारी, उघडला तर लेन्स ठार. परत फोन केला तर उचलेना. दोन दिवस चिडचिड केली आणि मग डोक्यात आलं की याला लेन्सची गरजच काय आहे?

कारण या मशीनमध्ये नेटवर्क पोर्ट आहे. मेमरी कार्डवर फ्रीएमसीबूट टाकलं (कन्सोल चालू होतानाच सोनीचे नसलेले प्रोग्राम सुरू करू देणारं सॉफ्टवेअर), त्यावरून ओपन पीएस२ लोडर (डिस्कशिवाय गेम चालवणारा प्रोग्राम) चालू केलं आणि माझ्याच डिस्कच्या प्रती कॉम्प्युटरवर काढून तिथून वायरने गेम चालवले. लेन्सची पट्टी केबल सरळ काढून ठेवली. तेव्हापासून हा मेलेला स्लिम माझा सगळ्यात जास्त चालणारा कन्सोल आहे, आवाज जवळजवळ शून्य, टीव्हीच्या मागे मावतो, आणि आत तो जुना खरा प्रोसेसर पण आहे, कारण सगळ्या स्लिममध्ये फक्त सत्तर हजारीलाच तो मिळाला. यातली गंमत अशी की ओपन पीएस२ लोडर फक्त पीएस२ चे गेम चालवतो, प्लेस्टेशन १ चा गेम त्या खऱ्या प्रोसेसरवर चालवायचा तर डिस्कच टाकावी लागते, आणि डिस्क वाचायला लेन्स लागते, जी माझ्याकडे नाही. पॉपस्टार्टर नावाचा एक मार्ग आहे पण तो परत सॉफ्टवेअरची नक्कलच आहे आणि सगळे गेम त्यात नीट चालत नाहीत. म्हणजे खरा प्रोसेसर असून उपयोग शून्य. तरी मी तो विकत नाही.

नेटवर्क म्हणतोय आणि यूएसबी नाही, कारण पीएस२ चा यूएसबी पोर्ट १.१ जातीचा आहे, सेकंदाला १ एमबीच्या आसपास वेग. पेनड्राइव्हवरून गेम सुरू होतो, खेळता पण येतो, पण मधला व्हिडिओ आला की चित्र अडखळतं, आवाज तुटतो. बरेच जण एवढं बघूनच "जुगाड बेकार आहे" म्हणून सोडून देतात. मेमरी कार्डच्या स्लॉटमध्ये एसडी कार्ड लावायचं अडॅप्टर मिळतं, ते यूएसबीपेक्षा बरं. नेटवर्क त्याहून बरं, आणि सगळ्यात वरचढ फॅटमधली हार्डडिस्क, तिथे कशाचीच वाट बघावी लागत नाही. म्हणून ज्याला सगळे गेम एका ठिकाणी ठेवून रिमोट घेतल्यासारखं बसायचंय त्याने डोळे झाकून पन्नास हजारी घ्यावा, मागे नेटवर्क अडॅप्टर टाकावा, हार्डडिस्कच्या जुन्या आयडीई जोडणीच्या जागी नंतरच्या साटा जोडणीचा बोर्ड मिळतो तो बसवावा आणि हवी तेवढी हार्डडिस्क टाकावी. अडॅप्टर घेताना एवढं बघा की काही स्वस्त नकलांना हार्डडिस्कची जोडणी असते पण नेटवर्कचा पोर्टच नसतो, मग हार्डडिस्कवर गेम भरायला ती दरवेळी काढून कॉम्प्युटरला लावत बसा.

पंचाहत्तर आणि सत्त्याहत्तर हजारी मी स्वतः वापरलेले नाहीत म्हणून त्यांच्यावर फार बोलत नाही. एकोणऐंशी हजारी एका मित्राकडे आहे, महिनाभर माझ्याकडे होता, उचलला तर रिकामा डबा वाटतो, ६०० ग्रॅम फक्त. डिस्कवरून खेळणाऱ्याला, ज्याला काही उघडायचं नाही, सोल्डर करायचं नाही, त्याला मी हाच सांगेन.

नव्वद हजारी शेवटची पिढी, २००७ च्या अखेरीस आली. हिचं मोठं सुख म्हणजे वीजपुरवठा आत बसवलाय, त्याआधीच्या स्लिमना तो ८.५ व्होल्टचा विटेएवढा अडॅप्टर वायरच्या मध्ये लटकत असतो आणि तो हरवला किंवा भलताच लावला की कहाणी संपली. इथे एक साधी वायर, बस्स. पण हिच्यात खोच आहे. शेवटच्या काही नव्वद हजारींमध्ये आतला रॉम (कन्सोलमध्ये कायमचं बसवलेलं सॉफ्टवेअर) २.३० आवृत्तीचा आहे आणि त्यावर फ्रीएमसीबूट चालत नाही. ओळखायचं कसं, तर स्टिकरवर डेट कोड बघा, आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक आणि अक्षर म्हणजे वर्षातली तिमाही. ८बी पर्यंत निर्धास्त, ८सी म्हणजे नशीब, दोन्ही निघतात, ८डी पासून पुढे २.३०. तरी अगदीच दार बंद नाही, २०२० मध्ये फ्रीडीव्हीडीबूट आलं, डीव्हीडी प्लेयरमधल्या एका चुकीतून आत शिरतं, पण त्यासाठी दरवेळी एक लिहिलेली डीव्हीडी टाकायची, म्हणजे लेन्स जिवंत हवी. माझा नव्वद हजारी ८सी होता आणि जुना रॉम निघाला, तो मी पुढे भाच्याला दिला, त्याला फुटबॉलचे दोन गेम सोडून काही लागत नाही.

स्लिमची अजून एक तक्रार, जी घेताना दिसत नाही. लेन्सची ती पट्टी केबल काही मशीनमध्ये जरा वर येते आणि फिरणाऱ्या डिस्कला घासते, डिस्कवर कंपासने काढल्यासारखा गोल ओरखडा पडतो. झाकण उघडून आधी बघा, आणि पहिली टेस्ट आवडत्या गेमच्या डिस्कने करू नका. झाकण वर उघडतं म्हणून डोक्यावर जागा पण लागते, टीव्हीखालच्या बुटक्या कप्प्यात स्लिम ठेवला की दरवेळी ओढून बाहेर काढा.

फॅट घेत असाल तर ट्रेच्या आत एक पांढरी दातेरी चकती असते, लेन्सची उंची त्यावर ठरते, नेटवर जो तो ती फिरवायचा सल्ला देतो. फिरवा, पण आधी पेनने खूण करा. मी खूण न करता फिरवली होती तीस हजारीची, आणि मग एकेक दाता मागेपुढे करत आख्खा रविवार घालवला, शेवटी नशिबाने लागली.

घेताना डिस्क घेऊन जा, एक नाही, चार प्रकारच्या. प्लेस्टेशन १ ची काळी सीडी, पीएस२ ची निळ्या बुडाची सीडी, साधी चंदेरी डीव्हीडी आणि दोन थरांची डीव्हीडी. सीडी आणि डीव्हीडी वाचायला आत वेगवेगळे लेझर आहेत, त्यामुळे विकणारा डीव्हीडी टाकून "बघा चालतोय" म्हणतो आणि घरी आल्यावर निळी सीडी फिरत राहते, फिरत राहते, काही होत नाही. निळी सीडी आणि दोन थरांची डीव्हीडी दोन्ही पाच मिनिटांत चालल्या तर लेन्सला अजून दम आहे समजा. गेम सुरू झाला म्हणजे झालं असं नाही, मधला व्हिडिओ येईपर्यंत थांबा.

व्होल्टेज पण बघा बाबांनो. अमेरिकेतला फॅट १२० व्होल्टचा असतो, २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तसाच खोचला तर आतला पुरवठा तिथेच उडतो, कन्व्हर्टर लागतो आणि तो परत जड आणि गरम. बाहेरच्या अडॅप्टरवाल्या स्लिमचं त्या मानाने सोपं, अडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचा, जुळत नसेल तर तेवढाच बदला. आणि डिस्क कुठल्या भागाच्या घेणार तेही याच वेळी ठरवा, कारण जपानी मशीनवर युरोपची डिस्क तशीच चालत नाही.

तर माझ्या टीव्हीला जे दोन आहेत ते हेच, खाली पन्नास हजारी, हार्डडिस्क टाकलेला, प्लेस्टेशन १ च्या काळ्या सीड्या पण त्यातच चालतात, आणि मागे लेन्स काढलेला सत्तर हजारी. परवा त्या मित्राने एकोणऐंशीच्या बदल्यात पन्नास हजारी मागितला, मी म्हटलं सत्तर हजारी घेऊन जा, तर तो झाकण उघडून आतली लोंबणारी केबल बघून परत ठेवून गेला.